उन्हाळ्यात चटका, थंडीत काटा : सोलापुरात घरातल्या पाण्याचं करायचं काय?

नवी_सोलापूरकरीण | ९ मे, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. मागच्या पावसाळ्यात आम्ही जुळे सोलापुरात भाड्याने राहायला आलो. माझं माहेर मालवणकडचं. तिकडे विहिरीचं पाणी बारा महिने जवळपास सारखंच लागतं, त्यामुळे "आज पाणी कसं आहे" हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. इथे आता रोज पडतो.

संध्याकाळी सातला बाथरूमचा नळ सोडला की पहिली अर्धी बादली अक्षरशः कढत येते. पुढचं त्याहून थोडं कमी, पण गार काही होत नाही. रात्री अकरालाही तेच. पहाटे पाचला मात्र तेच पाणी छान असतं. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे. परवा सासूबाईंनी नळाखाली हात धरला आणि "अगं, हे तर आधणाचं पाणी" म्हणून मागे घेतला. संध्याकाळची आंघोळ घालायची तर बादली तासभर आधी भरून ठेवावी लागते.

गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी आहे, पाचशे लिटरची. अंगणात जमिनीखाली हौद आहे. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, ते आधी हौदात पडतं, मग मोटरने वर चढवायचं. शेजारच्या काकू म्हणतात, त्यांच्या बोअरचं पाणी आत्ता गार आहे आणि डिसेंबरात म्हणे कोमट येतं. हे कसं काय? आणि भाड्याच्या घरात, फार तोडफोड न करता, काय करता येईल?

---

काय_बे_सोलापूर | ९ मे, रात्री ९:२२

ताई, गीझरचं बिल वाचलालंय की! मालवणात आहे का अशी सोय? 😄

---

कडकभाकरी | ९ मे, रात्री ९:५०

पहिल्या अर्ध्या बादलीचं कोडं सोपं आहे. ते पाणी टाकीतलं नाहीच, ते पाइपातलं. गच्चीवर टाकीपासून खाली उतरेपर्यंत एक इंची पाइप उघड्यावर पडलेला असतो ना, त्यात मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. तुमच्याकडे दहा-बारा मीटर पाइप उन्हात असेल तर पाच-सहा लिटर झालं. थोडंच पाणी, चारी बाजूंनी ऊन आणि खाली तापलेला स्लॅब. टाकीपेक्षा ते कधीही जास्त तापणार.

बाळासाठी नळाचं पाणी थेट कधीच घेऊ नका, एवढं मात्र आत्ताच सांगतो. बादली भरा, ढवळा, कोपर बुडवून बघा, मग बाळ. दुपारी तीन-चारला हे पाइपातलं पाणी पन्नासच्या आसपास जाऊ शकतं, आणि लहान मुलांची कातडी पातळ असते.

---

निवृत्तसर | १० मे, सकाळी ६:३०

चांगला धागा. शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. जरा लांबण लागेल.

आधी जमिनीचं बघू. दिवसा ऊन, रात्री गारवा, हा जो रोजचा चढउतार आहे तो मातीत फूट-दीड फुटाच्या खाली पोचतच नाही. उन्हाळा-हिवाळा हा वर्षाचा चढउतार जास्त खोल जातो, पण तोही खाली जाताना मंदावतो आणि उशिरा पोचतो. मीटरभर खोलीवर साधारण महिनाभर उशीर. दहा-बारा मीटरच्या खाली तर ऋतू जवळपास कळतच नाहीत. तिथलं तापमान म्हणजे त्या गावाच्या वर्षभराच्या हवेची सरासरी. सोलापूरची ती सरासरी २७ अंशांच्या आसपास. त्याहून खाली शंभर मीटरला दोन-अडीच अंश वाढतात. म्हणून दोन-तीनशे फुटांच्या बोअरचं पाणी बारा महिने २८-२९ अंश. काकूंच्या बोअरचं पाणी ऋतूप्रमाणे बदलत नाही, बदलतो तो आपला हात. बाहेर ४२ असताना २८ गार लागतं, पहाटे १३ असताना तेच २८ कोमट.

आता टाकी. पाचशे लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ०.५८ युनिट (विजेच्या बिलातलंच युनिट) उष्णता लागते. मे महिन्यात आपल्याकडे आडव्या एक चौरस मीटरवर दिवसभरात सहा युनिटच्या वर ऊन पडतं. शिवाय मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर असतो. उद्या-परवा साडेबाराच्या सुमारास गच्चीवर उभे राहा, स्वतःची सावली पायाखाली सापडेल. म्हणजे ऊन थेट टाकीच्या झाकणावर. काळं प्लास्टिक त्यातलं बहुतेक गिळतं. सकाळी २८ चं पाणी संध्याकाळी ३८-४० होण्यात नवल नाही. टाकी अर्धी असेल तर तेवढंच ऊन निम्म्या पाण्यात जिरतं, मग चटका.

रात्री अकरालाही गरम का? पाण्यात साठलेली उष्णता निघायला वेळ लागतो, बाहेरची हवाच तेव्हा ३०-३२ असते, आणि टाकी ज्या स्लॅबवर बसली आहे तोही तापलेला. पहाटेपर्यंत कुठे उतरतं.

---

शेंगाचटणी | १० मे, सकाळी ८:०५

सर, आम्ही शाळेत असताना तुम्ही का नव्हता!

---

होटगीरोडवाला | १० मे, सकाळी ९:३०

एक शंका. पाणी उजनी धरणावरूनच गरम येतं का? शंभरेक किलोमीटर पाइपलाइन उन्हात आहे म्हणतात.

---

निवृत्तसर | १० मे, सकाळी १०:१०

सेकंदाला एक मीटर वेग धरला तरी शंभर किलोमीटरला २८ तास. म्हणजे पाणी एक दिवस आणि एक रात्र दोन्ही बघूनच येतं. शिवाय पाइप जाड आणि आत पाणी प्रचंड, त्यामुळे एका दुपारचं ऊन त्याला फारसं हलवत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या वाटेचं पाणी ऋतू जास्त दाखवतं : उजनीतून भीमेच्या पात्रात सोडलेलं, औजच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत येऊन टाकळीहून उचललेलं. उथळ पात्रातून कित्येक दिवस वाहत येणारं पाणी हवेसारखंच तापतं आणि निवतं. पण दोन्ही पाणी तुमच्या हौदात दोन-तीन दिवस पडलं की हौदाचंच होतं. तुम्हाला बसणारा चटका उजनीचा नाही, तुमच्या गच्चीचा आहे.

---

गच्चीवरचा | १० मे, दुपारी १:४०

मी यावर बराच उद्योग केलाय, म्हणून लिहितो. घर दत्त नगरला, टाकी हजार लिटरची, काळी. स्वयंपाकघरातला थर्मामीटर दोरीला बांधून टाकीत आणि हौदात सोडत असतो. बायको म्हणते, पाण्यालाही ताप बघायला लागला. कालचे आकडे, दुपारी चार : टाकी ४१, हौद ३०. हौद कोबा केलेल्या अंगणाखाली आहे, वर ऊन असतं, तरी ३०.

आता उपाय.

चुना. कळीचा चुना भिजवून, त्यात थोडा फेव्हिकॉल टाकून बाहेरून दोन हात मारायचे. पांढऱ्या रंगावरून निम्म्याहून जास्त ऊन परत जातं. फरक चार-पाच अंशांचा पडतो. तोटा एवढाच की पहिल्या वळवाला निम्मा चुना गच्चीवर वाहतो आणि आपण झाडू घेऊन.

गोणपाट. टाकीला गुंडाळून दुपारी एकदा, चारला एकदा भिजवायचं. आपली हवा मे मध्ये कोरडी ठणठणीत, त्यामुळे हा उपाय इथे जसा चालतो तसा कोकणात चालणार नाही. पण त्यासाठी पाणी लागतं, आणि पाणी चार दिवसांआड. गोणपाट भिजवण्यात बादलीभर पाणी घालवायचं की आपण आंघोळ करायची, हे ज्याने त्याने ठरवावं. मी भाजी धुतलेलं पाणी वापरतो.

हिरवी नेट. सगळ्यात सुटसुटीत, भाडेकरूंना सगळ्यात सोयीची. चार बांबू, वर नेट. टाकीला चिकटवू नका, हातभर वर ठेवा, मधून वारा खेळला पाहिजे. आणि पश्चिमेची बाजू खाली गुडघ्यापर्यंत सोडा. लोक फक्त वर छत करतात आणि तीन ते सहाचं तिरपं ऊन टाकीच्या पोटावर घेतात.

थर्माकोल लावू नका. उन्हाने भुगा होतो, वाऱ्याने सगळ्या गल्लीत उडतो, शेजारी भांडायला येतात.

---

नवी_सोलापूरकरीण | १० मे, दुपारी २:१५

नेटचं जमेल! घरमालकही नाही म्हणणार नाहीत. पण दादा, हौद ३० आणि टाकी ४१ असेल, तर वर पाणी चढवून ठेवायचंच कशाला? लागेल तेव्हाच चढवलं तर?

---

गच्चीवरचा | १० मे, दुपारी २:४०

ताई, तुम्ही मुद्द्यावर आलात. मी तेच करतो. दिवसभर टाकीत जेमतेम हातभर पाणी, संध्याकाळी साडेसहाला मोटर. साताला आंघोळ, पाणी ३१-३२. नेट आणि चुन्याने जे होत नाही ते मोटरच्या बटणाने होतं.

---

कडकभाकरी | १० मे, दुपारी ३:२०

मी उलट सांगेन. टाकी सकाळी काठोकाठ भरा. जास्त पाणी म्हणजे सावकाश तापणार, सरांनीच वर सांगितलंय. आणि उन्हाळ्यात लाइट जायची खात्री असते. साडेसहाला मोटर लावायला जावं आणि लाइट गेलेली, मग ते हातभर कढत पाणी घेऊन बसा. शिवाय दिवसातून दोन-तीनदा मोटर लावायची म्हणजे बिल वाढणार ते वेगळं.

---

निवृत्तसर | १० मे, दुपारी ४:००

बिलाचं बरोबर नाही, भाकरीराव. तेवढंच पाणी तेवढंच वर चढवायचं, एकदा चढवा की तीनदा. अर्ध्या एचपीच्या मोटरला पाचशे लिटर चढवायला पाव युनिटसुद्धा लागत नाही.

भरलेली टाकी सावकाश तापते हे खरं. पण संध्याकाळपर्यंत ती सगळीच्या सगळी तापते आणि रात्रभर तुम्हाला तेच वापरावं लागतं. सकाळी दहा-अकराला धुणं-भांडी असतील तर भरलेली टाकी बरी. संध्याकाळी आंघोळ असेल तर पाणी हौदातच बरं. लाइटचा मुद्दा मात्र मान्य, त्याला माझ्याकडे सूत्र नाही.

---

पाइपपाना | १० मे, रात्री ८:३०

दिवसभर कामावर होतो, आत्ता वाचलं. प्लंबिंगची कामं करतो, त्यामुळे दोन शब्द.

१) मोटरची डिलिव्हरी लाइन वर जाते, तिला बाथरूमजवळ टी मारून एक कॉक बसवता येतो. मोटर चालू केली की हौदातलं पाणी थेट बादलीत, टाकीचा संबंधच नाही. काम अर्ध्या दिवसाचं. फक्त ही लाइन टाकीच्या लाइनला जोडायची असेल तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह विसरू नका, नाहीतर टाकी उलटी हौदात रिकामी होईल. आणि कॉक पूर्ण बंद ठेवून मोटर चालवली असं नको.

२) गच्चीवरच्या पाइपाला काळा फोमचा स्लीव्ह मिळतो, एसीवाले वापरतात तो. त्यावर पांढरी टेप मारायची, नाहीतर उन्हाने फोम सालपटासारखा निघतो. पाइप स्लॅबवरून थोडा उचलून विटेवर घ्या.

३) आता गंमत. मे महिन्यात गीझर बंद असतो ना? त्याचाच नळ सोडा. आतलं पाणी भिंतीआड, घराच्या गारव्यात रात्रभर पडलेलं असतं, त्याला ऊन माहीतच नाही. माझी कितीतरी गिऱ्हाइकं उन्हाळ्यात गार पाणी गीझरमधून घेतात.

---

शेंगाचटणी | १० मे, रात्री ८:४४

गीझरमधून गार पाणी! हे फक्त सोलापुरात होऊ शकतं. आत्ता बघून आले, खरंच आहे हो! पण अर्ध्या बादलीनंतर गरम व्हायला लागलं. पंधरा लिटरचा आहे, मग पूर्ण पंधरा लिटर का नाही मिळालं?

---

निवृत्तसर | १० मे, रात्री ९:३०

कारण गीझर थंडीसाठी बनवलाय. त्यात नवं पाणी खालून शिरतं आणि वापरायचं पाणी वरून निघतं. थंडीत गार पाणी तळाशी बसतं, वरचं गरम न मिसळता बाहेर येतं. आत्ता उलटं झालंय. टाकीचं गरम पाणी तळातून शिरलं की हलकं म्हणून वर धावतं आणि सगळं ढवळतं. म्हणून पहिली अर्धी बादली गार, पुढे घोटाळा. ती अर्धी बाळासाठी घ्या, विसणाला उत्तम.

---

पूर्वभागातला | ११ मे, सकाळी ७:१५

आमच्याकडे टॉवेलच्या सुताचं डाईंग आहे. घरातलं नाही, पण विषय तोच. रंगाचं पाणी ६० अंशांवर न्यायचं असतं. थंडीत ते २० पासून न्यायचं आणि आत्ता ३२ पासून. चाळीस अंशांच्या जागी अठ्ठावीस, म्हणजे जळण जवळपास तीस टक्के कमी. मे महिन्यात सगळं सोलापूर उन्हाला शिव्या घालतं, आमचा बॉयलरवाला तेवढा खूश असतो.

---

मंगळवेढेकर | ११ मे, सकाळी ११:००

आमच्या जुन्या माळवदाच्या घरात न्हाणीजवळ रांजण निम्मा जमिनीत पुरलेला होता. आडाचं पाणी शेंदून त्यात भरायचं. मे महिन्यातही त्यात हात घातला की बरं वाटायचं. सरांनी सांगितलेलं मातीचं गणित आजीला कोणी शिकवलं होतं कोण जाणे.

प्यायच्या पाण्याचं कोणी बोललंच नाही. माठ टाकीच्या कढत पाण्याने भरू नका, निवायला रात्र जाते. आणि माठ खिडकीच्या वाऱ्यात, सावलीत, खाली वाळू ओली करून. कपाटात कोंबलेला माठ पाझरतो पण गार होत नाही.

---

निवृत्तसर | ११ मे, दुपारी १२:१०

माठाची मर्यादाही सांगतो. ४२ अंश आणि हवेत २० टक्के आर्द्रता, हा आपला मेचा नेहमीचा दुपारचा हिशोब. अशा हवेत पाझरून, वाळून पाणी जास्तीत जास्त २४ पर्यंत उतरू शकतं. माठ २५-२६ ला पोचला तरी उत्तम. जुलैत हवा दमट झाली की तोच माठ जेमतेम दोन-तीन अंश उतरवतो. माठ बिघडला म्हणून नवा आणायला जाऊ नका.

---

होटगीरोडवाला | ११ मे, दुपारी ३:३०

मग कूलरमध्ये टाकीचं गरम पाणी चालतं का? मी बर्फ टाकतो.

---

निवृत्तसर | ११ मे, दुपारी ४:१५

चालतं. कूलर गार करतो तो पाणी वाळवून. एक लिटर पाणी वाळताना हवेतून सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता ओढतं. तेच पाणी ४० ऐवजी ३० अंशांचं घातलं तर फायदा ४२ किलोज्यूलचा, दोन टक्केही नाही. बर्फाने पहिली दहा-वीस मिनिटं बरं वाटतं. बर्फ सरबतात घाला.

---

काय_बे_सोलापूर | ११ मे, दुपारी ४:२०

सर, पन्ह्यात.

---

पाइपपाना | ११ मे, रात्री ९:०५

आरओ (पाणी शुद्ध करायचं मशीन) असलेल्यांनी एक बघा. मशीनवर लिहिलेलं असतं, आत येणारं पाणी ४० किंवा ४५ च्या वर नको. ओट्याखालचं मशीन टाकीच्या लाइनवर असतं आणि दुपारी दोनला तुम्ही ते चालू करता. गरम पाण्यात मेम्ब्रेनमधून, म्हणजे आतल्या गाळणीच्या पडद्यातून, पाणी भराभर निघतं, पण क्षारही जास्त निसटतात. उन्हाळ्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) थोडा चढलेला दिसतो तो याच्यामुळे. थंडीत उलटं, मशीन कुथत चालतं आणि लोक मला फोन करतात, "मेम्ब्रेन गेली का?" गेलेली नसते. आरओ सकाळी लावून भरून घ्या, विषय संपला.

आणि नेट, चुना काहीही करा, टाकीचं आणि हौदाचं झाकण घट्ट ठेवा. गरम पाण्यातलं क्लोरीन लवकर उडतं. आठवड्यातून एकदा बॅरल, बादल्या पालथ्या घालून कोरड्या करा. डेंगीचा डास आपल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

---

नवी_सोलापूरकरीण | १९ डिसेंबर, सकाळी ७:५०

धागा वर काढतेय. नेट लावली, संध्याकाळी मोटर लावायची सवय लागली, उन्हाळा निभावला. पावसाळ्यात पाणी ना गरम ना गार, कोणी विचारलंही नाही. ऑक्टोबरात पुन्हा आठ-दहा दिवस चटका बसला.

आता नवी तक्रार. या आठवड्यात पहाटे पारा १२-१३ वर आहे. बाथरूममध्ये छोटा इन्स्टंट गीझर आहे, तीन किलोवॅटचा. सप्टेंबरात त्याचं पाणी सोसवत नव्हतं, विसण घालावं लागायचं. आता सकाळी सहाला तोच गीझर नुसता काटा मोडलेलं पाणी देतोय. मेकॅनिक कॉइल बदला म्हणतो. बदलू का?

---

निवृत्तसर | १९ डिसेंबर, सकाळी ८:२०

थांबा, कॉइल बदलू नका. इन्स्टंट गीझर पाणी अमुक अंशांवर नेत नाही. येईल त्या पाण्यात ठरावीक अंश मिळवतो. तीन किलोवॅट आणि मिनिटाला तीन लिटर धार असेल तर ही भर १४ अंशांची, मे असो की डिसेंबर. सप्टेंबरात पाणी २७ चं, त्यात १४ म्हणजे ४१. आत्ता पहाटे टाकीचं पाणी १७ असेल, त्यात १४ म्हणजे ३१. अंगाला ३१ गारच लागणार, अंग ३७ चं आहे.

एक बादली घ्या, घड्याळ लावा, मिनिटात किती लिटर पडतं बघा आणि धार मिनिटाला दोन लिटरवर आणा. तेवढ्याच कॉइलची भर २१ अंशांवर जाते. १७ आणि २१, अडतीस. आंघोळीला नेमकं.

---

गच्चीवरचा | १९ डिसेंबर, सकाळी ९:००

किंवा धार तशीच ठेवा आणि मेमधलीच युक्ती करा. आज पहाटे सहाचे आकडे : टाकी १७, हौद २४. रात्रभर उघड्या आभाळाखाली टाकी निवते, जमिनीखालचा हौद मे विसरलेला नसतो. पावणेसहाला मोटर लावा. २४ आणि १४, अडतीस. धार बारीक करायची गरज नाही, बादली लवकर भरते.

फक्त टाकीत रात्रीचं गार पाणी जास्त उरलेलं नको, नाहीतर दोन्ही मिसळून वीसवर येईल. थंडीत मी रात्री भांडी झाली की टाकी तळाला आणून ठेवतो.

---

नवी_सोलापूरकरीण | २० डिसेंबर, सकाळी ६:४०

झालं! मोटर लावली, दहा मिनिटांनी गीझर. सासूबाई विचारत होत्या, मेकॅनिक कधी येऊन गेला.

---

शेंगाचटणी | २० डिसेंबर, सकाळी ७:३०

आमचा पंधरा लिटरवाला साठवणीचा आहे. थंडीत बिल किती वाढतं याचा काही हिशोब?

---

निवृत्तसर | २० डिसेंबर, सकाळी ८:००

पंधरा लिटर २० वरून ४५ वर न्यायला सुमारे ०.४४ युनिट, दोन किलोवॅटच्या कॉइलला तेरा मिनिटं. ३० वरून ४५ ला ०.२६ युनिट, आठ मिनिटं. हौदातलं ताजं पाणी चढवलं तर आकडा या दोघांच्या मध्ये बसेल. पण बिल खरं वाढतं ते गीझर तासभर चालू विसरल्याने आणि थंडीत जो तो एक बादली जास्त घेतो त्याने.

---

कडकभाकरी | २० डिसेंबर, सकाळी १०:१५

गॅस गीझरवाल्यांना हात जोडून विनंती. थंडीत बाथरूमची खिडकी, झरोका बंद करून गॅस गीझर लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. गीझर बाथरूमच्या बाहेर बसवा. आणि रॉड वापरणारे, प्लग काढल्याशिवाय बादलीत बोट घालू नका.

आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे. तुरीच्या काट्या नि भुईमुगाच्या टरफलावर पेटतो. गड्ड्याला (सिद्धेश्वरांच्या यात्रेला) पाहुणे आले की तोच कामाला येतो, कारण दहा माणसांना गीझर पुरत नाही.

---

मंगळवेढेकर | २० डिसेंबर, दुपारी १२:३०

बंबाच्या पाण्याला धुराचा जो वास येतो त्याला तोड नाही.

---

होटगीरोडवाला | २० डिसेंबर, दुपारी २:००

सोलरवाले कुणी आहेत का? आमचा नळ्यांचा आहे, शंभर लिटरचा. मे मध्ये वाफा येतात आणि आत्ता, जेव्हा खरी गरज, तेव्हा कोमट. ऊन तर रोज कडक पडतंय.

---

पाइपपाना | २० डिसेंबर, रात्री ९:२०

दोन गोष्टी आहेत. पहिली सरांच्या विषयातली : तेच पाणी साठ अंशांवर न्यायला आत्ता बेचाळीस अंश चढवावे लागतात, उन्हाळ्यात तीसच. दिवस लहान, आणि सूर्य दुपारीही दक्षिणेला कललेला. तुमचा स्टँड बहुतेक फार आडवा बसवलाय. सोलापूर साडेसतरा अक्षांशाच्या जरा वर. थंडीचं पाणी हवं असेल तर नळ्या तीस अंशांच्या आसपास उभ्या आणि तोंड दक्षिणेला. मेमधल्या वाफाही त्याने कमी होतील, कारण तेव्हाचा सूर्य डोक्यावरचा. तरीही जास्तच तापत असेल तर उन्हाळ्यात निम्म्या नळ्यांवर पोतं टाका.

दुसरी गोष्ट आपल्या गावची. तुम्ही त्यात बोअरचं पाणी सोडता का?

---

होटगीरोडवाला | २० डिसेंबर, रात्री ९:४०

नळाचं पाणी पुरत नाही तेव्हा सोडतो. म्हणजे बहुतेक वेळा.

---

पाइपपाना | २० डिसेंबर, रात्री ९:५५

मग नळ्यांत पांढरा थर बसला असणार. बोअरचं पाणी जड, तापलं की क्षार आत चिकटतात. एका नळीतून मागच्या महिन्यात मी मूठभर चुरा काढलाय, अंड्याच्या टरफलासारखा. उद्या सकाळी ऊन यायच्या आत एक नळी उतरवून बघा, दुपारी हात लावू नका, भाजेल. थर असेल तर सगळ्या उतरवून साफ कराव्या लागतील. रबरी रिंगा आधी नव्या आणून ठेवा, जुन्या निघताना तुटतात. आणि नळ्या उन्हात कोरड्या ठेवून मग त्यात गार पाणी सोडू नका, तडकतात. रविवारी होटगी रोडलाच एक काम आहे, जमलं तर डोकावतो. घराची खूण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नको.